कट्ट्यावरचे एकमत

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर पेट्रोलच्या दरापासून निवडणुकीपर्यंत कशावरच एकमत होत नाही. डीजेवर मात्र झाले. परवा शेजारी हळद होती. रात्री साडेअकराला खिडकीच्या काचा थरथरत होत्या, मांडणीतली भांडी आपोआप वाजत होती आणि तळमजल्यावरच्या आजी कानात कापूस घालून बसल्या होत्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पोलिसांना फोन केला. गाडी आली, आवाज बंद. गाडी वळली, आवाज सुरू. सकाळी यजमान दारात हजर, ‘फोन तुम्हीच केला ना?’ (पेढे आणले होते, हे खरे.) तक्रारदाराचे नाव बाहेर फुटते कसे? निदान तेवढे तरी गुप्त ठेवा.

– एक वाचक, पुणे