नुसता बसलेला पायलट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आपल्या बडोद्याच्या सी-295 या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्यावर लेख आला, आवडला, पण त्यात जाता जाता एक वाक्य टाकलंय की आजकाल विमान कम्प्युटरच उडवतो, वादळ असो काही असो, पायलट नुसता बसलेला असतो. हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं कंट्रोल सिस्टीम (म्हणजे यंत्र आपोआप ताब्यात ठेवायचं शास्त्र) शिकवली, दांडिया बाजारात राहतो आणि उत्तरायणला अजून गच्चीवर चढतो (सूनबाई ओरडते), तेव्हा पतंगावरूनच सांगतो.

वारा एकसारखा असला की जेवढा ठुमका तेवढा पतंग हलतो, हिशोब सरळ. वारा फिरला की त्याच ठुमक्याला तो गोता खातो आणि मग जेवढं ओढाल तेवढा खालीच जातो. विमानाचंही तसंच, समोरून येणाऱ्या हवेच्या मानाने नाक मर्यादेपलीकडे वर गेलं की लिफ्ट (पंखांना वर उचलणारं बळ) वाढायच्या ऐवजी कोसळते, तो स्टॉल, आणि तिथे सरळ रेषेचं गणित संपतं. नेहमीची पद्धत म्हणजे निरनिराळ्या वेगाला, उंचीला कंट्रोलचे वेगळे आकडे काढून ठेवायचे आणि कम्प्युटरने उडता उडता ते बदलत राहायचं. नॉनलिनिअरवाले, म्हणजे सरळ रेष न धरणारे, विमानाचं सगळं वाकडं गणितच उलटं सोडवून कंट्रोल काढतात, भारी आहे, पण मॉडेल चुकलं तर तेही फसतं.

बरं, गणित बरोबर असलं तरी पंखाच्या फळ्या फिरवणाऱ्या यंत्राला वेगाची मर्यादा असतेच ना. 1993 ला स्टॉकहोमवर स्वीडनचं ग्रिपेन हे लढाऊ विमान पडलं ते त्यातूनच, पायलटने स्टिक भराभर हलवली, फळ्या मागे राहिल्या, विमान हाताबाहेर गेलं (पायलट उडी मारून वाचला). आणि 2009 ला एअर फ्रान्स 447 या प्रवासी विमानाच्या पिटो नळ्या (वेग मोजणाऱ्या) अटलांटिकवर बर्फाने चोंदल्या, वेग कळेना म्हणून ऑटोपायलट सुटला, विमान पायलटांच्या हातात आलं, स्टॉल झालं, 228 माणसं गेली. म्हणजे कम्प्युटरने हात टेकले ते नेमके तेव्हाच.

आपलं तेजस तर मुद्दामच अस्थिर बनवलंय, चपळ व्हावं म्हणून. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने मदत बंद केली तरी बंगळुरूच्या लोकांनी कंट्रोल लॉ (कम्प्युटरने फळ्या कशा हलवायच्या त्याचे नियम) पुरा केला, 4 जानेवारी 2001 ला ते उडालं. कारखान्यात नोकऱ्या किती हे छापाच, पण असं काम करणाऱ्या एखाद्याला गाठून त्याच्याशीही बोला की.

आणि हो, लेखासोबतच्या फोटोतल्या विमानाला चार इंजिनं आहेत. सी-295 ला दोनच असतात.

आपला,
एक निवृत्त मास्तर, बडोदा