माळ घातलेल्या बाईनं उत्पन्न किती सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, माझ्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे दोन हप्ते मिळून तीन हजार रुपये जमा झाले. मी सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका गावात शिलाईकाम करते. आमचे मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आमचं रेशनकार्ड केशरी, त्यामुळे उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागला नाही. अंगणवाडीच्या बाईंनी मोबाइलवर फॉर्म भरून दिला आणि काम झालं. पैसे आल्याचा मेसेज मी मोठ्यानं वाचला, तेव्हा माझ्या चुलत सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही त्यांना नानी म्हणतो. त्यांनी मान वर करून विचारलं, "आणि मला गं किती आलं?"

त्यांना काही आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. ती योजना वयाच्या ६५ वर्षांपर्यंत आहे. नानींच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५९, म्हणजे त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांना ६५ पूर्ण झाली होती. आता ही तारीख कुणी ठरवली? आधार काढताना शाळेचा दाखला नव्हता, कारण शाळाच नव्हती. समोरच्यानं अंदाजानं वर्ष टाकलं. नानी सांगतात की ७२ च्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या, सतरा वर्षांच्या, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. आधारच्या हिशेबानं त्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. म्हणजे खरं वय धरलं तर वृद्धांच्या पेन्शनची चार वर्षं त्या अंदाजात गेली.

नाना २०१९ साली वारले. मूलबाळ नाही. विधवा बाईला ६५ च्या आधीसुद्धा संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान मिळतं, हे तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी येऊन सांगितलंही नाही. याचा दोष मी माझ्याकडेही घेते. मी आठवी शिकलेली, मला वाचता येतं, मी विचारायला हवं होतं.

तर ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, रक्कमही तीच, महिन्याला १,५०० रुपये, असं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नानींना घेऊन सेतूत गेले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा रहिवासी दाखला, नानांच्या मृत्यूचा दाखला, सगळं पिशवीत होतं. राहिला उत्पन्नाचा दाखला. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा चांगला होता, त्यानं नानींना उठून खुर्ची दिली. मग विचारलं, "आज्जी, वर्षाचं उत्पन्न किती सांगू?"

नानी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जातात. फेब्रुवारीपासून उन्हाळा सरेपर्यंत काम असतं. समोर बेदाण्याचा ढीग, त्यातून काड्या काढायच्या, काळा माल बाजूला, हिरवा बाजूला, पिवळा बाजूला. मांडी घालून सकाळी बसलं की दुपारच्या भाकरीलाच उठायचं. बोटं दिवसभर चिकट राहतात आणि संध्याकाळी गरम पाण्यानं चोळून चोळून धुवावी लागतात. त्यांनी पोराला सरळ सांगितलं, "शेडवर पंच्याहत्तर दिवस भरलं माझं. तीनशे रुपये रोज."

पोरानं गुणाकार केला. बावीस हजार पाचशे.

"बसत न्हाई आज्जी. एकवीस हजाराच्या आत पायजे. मी वीस हजार टाकतो. सगळ्यांचं तसंच टाकतो आम्ही."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, त्याला म्हातारीचं काम करून द्यायचं होतं. पण स्वयंघोषणापत्राच्या खाली मजकूर असतो की वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. नानींना वाचता येत नाही, त्यांनी मला वाचायला सांगितलं आणि मी वाचलं. त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर गेला होता, तो त्यांनी मागं घेतला. दुसरा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर होता. म्हणाल्या, "म्या न्हाई अंगठा देणार. माळ हाय गळ्यात. आषाढीला तोंड कसं दावू?" मी समजावलं, त्या पोरानं समजावलं, मागं रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकांनीही समजावलं. नानी उठल्या, पिशवी घेतली आणि पदराला अंगठा पुसत बाहेर आल्या.

घरी आल्यावर मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून फुल्या मोजल्या. नानी कामाच्या दिवसावर फुली मारतात, अर्ध्या दिवसावर नुसती तिरकी रेघ. ७४ फुल्या होत्या आणि दोन रेघा. बाईनं एक दिवस इकडचा तिकडं केला नव्हता. मर्यादा ओलांडली ती दीड हजारानं, म्हणजे जे अनुदान मागायला गेलो त्याच्या एका महिन्याच्या रकमेनं.

संपादकसाहेब, मला शासनापुढं हा हिशेब मांडायचा आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. तेही एका माणसाचं उत्पन्न नाही, सगळ्या कुटुंबाचं. एवढ्यात दोन वेळचं दूध आणि एक किलो ज्वारी बसत नाही. लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. त्या पैशांतून मी शिलाई मशिनची मोटर बसवली, मला त्याचं मोल माहीत आहे. पण चाळिशीतल्या, हातपाय धड असलेल्या, नवरा कमावता असलेल्या मला अडीच लाखांपर्यंत चालतं आणि सत्तरीच्या जवळ आलेल्या एकट्या विधवेला एकवीस हजारांच्या वर चालत नाही, याचं उत्तर मला कुणी देईना. मला केशरी कार्डावर दाखला माफ झाला. नानींचं कार्डही केशरीच आहे, मग त्यांना का नाही?

अनुदान ६०० रुपयांचं १,००० झालं आणि २०२३ साली १,५०० झालं. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण म्हाताऱ्यांचा आणि विधवांचा २१,००० चा आकडा दीड दशकाहून जास्त काळ जागचा हलला नाही. तेल, गॅस, औषधं कुठल्या कुठं गेली.

अजून एक गोष्ट फार लागते. रोजगार हमीची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तो प्रयोग केला, पुढं १९७७ साली राज्याचा कायदा झाला. ज्या हातांना काम हवं त्यांना सरकारनं काम द्यायचं, हा विचार या मातीतून गेला आणि देशानं घेतला. २०२५-२६ ला महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. तेव्हाची शंभर दिवसांची हमी धरली तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे सरकारनं स्वतःच दिलेला शब्द पाळला आणि एखाद्या घराला शंभर दिवस काम दिलं, तर त्या घरातली म्हातारी सरकारच्याच पेन्शनला अपात्र ठरते. एका खात्याची हमी दुसऱ्या खात्याला मान्य नाही, असं कसं चालेल? कामावर गेलेल्या बाईला निराधार म्हणायचं नाही, तर तिनं पेन्शन मिळेपर्यंत उपाशी बसायचं का?

गावात ज्यांना अनुदान मिळतं त्यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर वीस हजार किंवा एकवीस हजार लिहिलेलं आहे. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही, ती खरोखर गरीब माणसं आहेत. नियमानंच त्यांच्या तोंडी तो आकडा दिला. तलाठी भाऊसाहेबांनाही ठाऊक असतं, सेतूतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मग कधी तपासणी निघाली की याच आकड्याचा धाक त्या म्हाताऱ्यांना वाटतो. हयातीच्या दाखल्यासाठी बोलावलं तरी आमच्या गल्लीतली एक आक्का रात्रभर झोपत नाही, चौकशीच आली असं तिला वाटतं.

नानींचा पुढचा हंगाम, २०२५ चा, अर्ध्यावर सुटला. डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि हिरवा माल काळ्यात जायला लागला. शेडमालकांनी वाईट बोलून नाही, पण थांबवलं. दिनदर्शिकेवर ३१ फुल्या होत्या, ९,३०० रुपये. ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नानींनी खरा आकडा सांगितला आणि खऱ्या आकड्यावर अंगठा दिला. दाखला मिळाला, अर्ज गेला, दिवाळीनंतर मंजूर झाल्याचं कळलं. म्हणजे डोळे गेले तेव्हा त्या पात्र झाल्या.

मंजुरीनंतरही पासबुकात एक रुपया दिसेना. दोनदा बँकेत, एकदा तहसीलला. पैसे पाठवले आहेत असं तिथं, आले नाहीत असं इथं. शेवटी एका कारकून भाऊंनी नीट बसून पाहिलं. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान डीबीटीनं येतं, म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यावर. नानींचं दुसऱ्या एका बँकेत जुनं जनधनचं खातं निघालं. ते काढल्याचं त्यांना आठवतही नव्हतं आणि पासबुक नानांच्या पेटीत होतं. पैसे तिथं पडून होते. ते काढायला गेलो तर अंगठा उमटेना. बेदाणा निवडून निवडून बोटांच्या रेघा गेल्यात. पुसून, तेल लावून, दहाही बोटं ठेवून पाहिली, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. मंजुरीच्या कागदावर "तुमचे पैसे अमुक बँकेतल्या, अमुक शेवटचे चार आकडे असलेल्या खात्यावर येतील" एवढी एक ओळ छापली असती तर सत्तरीच्या बाईच्या सहा फेऱ्या वाचल्या असत्या. ही ओळ छापायला नवा कायदा लागत नाही.

आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी आहे की श्रावणबाळ आणि निराधार योजनेची मर्यादा निदान लाडक्या बहिणीएवढी करावी, आणि पिवळं-केशरी कार्ड असलेल्यांना दाखल्याची अट तिथं काढली तशी इथंही काढावी. तोवर निदान ६५ च्या पुढच्या माणसानं स्वतःच्या हातानं केलेली हंगामी मजुरी तरी उत्पन्नात धरू नये. ज्यांच्या वयाला शाळेचा दाखला नाही त्यांच्यासाठी जन्मसालाचा निर्णय गावात, जुन्या माणसांसमोर व्हावा. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत देणं लोकसेवा हक्क कायद्यानं बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं, हे सेतूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावं. माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या बाईनं ते वाचलं तर ती चार जणींना सांगेल.

गेल्या महिन्यात सरकारी शिबिरात नानींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातातल्या ब्लाउजची टीप बघितली आणि "वाकडी गेलीया" म्हणाल्या. खरंच वाकडी गेली होती. परवा शेडवरून निरोप आला की माल सुकत आलाय, आज्जीला दिसायला लागलं असेल तर पाठवून द्या. नानींचे हात कामासाठी शिवशिवतात. पण त्यांनी मला विचारलं, "पोरी, पंच्याहत्तर दिवस भरलं तर पेन्शन बंद हुईल का गं? पुढच्या वर्षी परत उत्पन्न इचारत्यात न्हवं?"

मी त्यांना काय सांगू, हे कुणीतरी जबाबदार माणसानं मला कळवावं. शेड सुरू होऊन आठ दिवस झाले. नवीन दिनदर्शिका भिंतीवर आहे, तिच्यावर अजून एकही फुली नाही.

आपली,
एक वाचक, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)