सोलापुरातून, भाकरीच्या नादाने

प्रिय मने,

तू फोनवर विचारलंस तिकडे ऑरगॅनिक वगैरे काही मिळतं का गं, आणि मी नंतर सांगते म्हणून फोन ठेवला, कारण ते दोन मिनिटांत उरकणारं नव्हतंच. तर ऐक. पुण्यात आपण बोर्ड बघून जायचो तसली दुकानं इथेही आहेत पण मी तिकडे फारशी फिरकत नाही. इथे माणूस धरायचा, एक धरला की पुढचा तोच दाखवतो.

मला गावल्या त्या खालच्या मजल्यावरच्या काकू. पॅकेटच्या ज्वारीच्या पिठाचा त्यांना भयंकर राग. म्हणतात पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद, जाते, मग थापताना भाकरी फाटते आणि चव कडसर लागते. खरंय ते, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतोच, म्हणून तर आधणाच्या पाण्यात पीठ मळायचं आणि लगेच थापायचं. आता मी आठवड्यापुरतंच दळून आणते. गिरणीतून पिठाचा गरम डबा पोटाशी धरून येताना जो वास येतो ना, तो एकदा येऊन घे.

ज्वारी मात्र मालदांडी वाणाचीच. मंगळवेढ्याची असेल तर उत्तम, तिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. काकू दाणा तळहातावर घेतात, टपोरा, मोत्यासारखा चमकतोय का बघतात, मग दाताखाली कट्कन फोडतात आणि मान हलवतात, झालं त्यांचं टेस्टिंग. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, ही रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि काळ्या रानातल्या ओलीवर, थंडीत, बऱ्याच ठिकाणी पाणी न देताच येते, फवारणीही फार लागत नाही. पाटी न लावता आपल्याला हवं तेच की! डाळिंबाचं तसं नाही. सोलापूरच्या डाळिंबालाही जीआय आहे, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पण तेल्या या डाळिंबावरच्या रोगापायी बागायतदारांना फवारण्या कराव्याच लागतात. म्हणून मी घेताना कुठलं, कधी तोडलं विचारते आणि घरी आल्यावर चांगलं धुते. सालीवर डाग असलेलं स्वस्त मिळतं, आतून तेवढंच गोड असतं, एक्स्पोर्टवाल्यांना नको ते आपल्याला चालतं.

भाजीला लक्ष्मी मंडई. आतल्या मोठ्या ढिगांकडे मी जात नाही, कडेला पोतं पसरून बसलेल्या मावशी असतात त्यांच्याकडे जाते. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी, चुका, घोळ. घोळ तर पुण्यात आपण कुंडीतलं तण म्हणून उपटून टाकायचो! एका मावशीला म्हटलं सगळी जुडी देऊन टाका तर मलाच, "काय करलालीस गं एवढी? उद्या ताजी आणते की." गिऱ्हाइकाला कमी घे म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

कांदा मार्केट यार्डाचा, चार घरांत मिळून एक गोणी. करडईचं तेल लाकडी घाण्यावरचं, डोळ्यांसमोर काढून घेते, महाग पडतं पण तळण कमी केलं की बसतं. दुधाचं अजून जमलेलं नाही, पातळ येतं, बदलणार आहे.

आणि शेंगाचटणी! उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरची वेगळी लागते, वाद घालू नकोस. सोबत कडक भाकरी, ती आठवडाभर टिकते, प्रवासात बरी. हे हेल्दी की काय मला माहीत नाही, मी तीन भाकऱ्या खाते एवढं खरं.

जानेवारीत ये, हुरडा असतो, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही असते. रानात आगटीत कणसं भाजून हातावर चोळून देतात, तोंड काळं होतं. हुतात्मा एक्स्प्रेसने निघालीस तर मी स्टेशनवर घ्यायला येते. आणि हो, नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चला निघते, काकूंच्या माहेरून आमचं वर्षाचं येणार आहे. तुझ्यासाठी ज्वारीचा एक कट्टा, म्हणजे पोतं, सांगून ठेवू का? नेणार कशी ते मात्र तुझं तू बघ, आणि लवकर कळव, मागून त्या देत नाहीत.

तुझीच,
शुभी