माहितीची पुस्तकं हवीत, आणि ती वापरायला शिकवणारी माणसंही

सप्रेम नमस्कार.

परळ-लालबाग भागातल्या आमच्या वाचनालयाच्या बालविभागात दर शनिवारी दुपारी चौथी ते सातवीची मुलं येतात. बहुतेक जण महापालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळांतले. गोष्टीची पुस्तकं ही मुलं भराभर संपवतात, पण माहितीचं पुस्तक हातात आलं की अडतात. तेही गोष्टीसारखंच पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि चार पानांत मिटून ठेवतात. ‘बिबट्याची पिल्लं आईजवळ किती दिवस राहतात?’ असं विचारलं, तर अख्खं पुस्तक चाळत बसतात. अनुक्रमणिका कशी बघायची, शेवटची शब्दसूची कशासाठी असते, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

यात मुलांचा काही दोष नाही. शाळेत कुठला पाठ काढायचा ते बाई सांगतात. ‘परिसर अभ्यास’च्या पुस्तकात चौकटी असतात, आकृत्या असतात, चित्राखाली ओळ असते, पण परीक्षेला येत नाही म्हणून नजर त्यावरून पुढे सरकते. घरी प्रश्न पडला तर फोनला विचारलं की काम भागतं. त्यामुळे पुस्तकात उत्तर शोधायची वेळच येत नाही, आणि ही सवय शिकवल्याशिवाय लागत नाही, असं आमचं ठाम मत झालं आहे.

शनिवारच्या तासाला आम्ही पुस्तक आधी बंद ठेवतो. अगोदर प्रश्न ठरतो, मग उत्तर कुठे सापडेल याचा अंदाज, आणि त्यानंतर पुस्तक उघडायचं. पावसाळ्यात विषय अर्थातच डासांचा असतो. मलेरियाचा अ‍ॅनाफिलिस बसतो तेव्हा त्याचं अंग तिरकं असतं, क्यूलेक्सचं भिंतीला समांतर. हे परिच्छेदातून समजायला वेळ लागतो, शेजारच्या दोन आकृत्यांत लगेच दिसतं. पण त्यासाठी आकृतीतले बाण वाचावे लागतात, खालची ओळ वाचावी लागते, आणि चित्र मूळ डासाच्या किती पट मोठं काढलंय तेही बघावं लागतं.

मुंबईच्या सात बेटांचा नकाशा मुलांना फार आवडतो. कोपऱ्यातली खुणांची चौकट न वाचता बघितला, तर भराव घालून केलेली जमीन कुठली आणि मूळ बेट कुठलं हे कळत नाही. ती वाचली की आपलं परळ हे एकेकाळी वेगळं बेट होतं हे मुलं स्वतःच शोधून काढतात. मग माहीम, वरळी, माझगाव शोधायला कुणी सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो शब्दसूचीवर. वर्णमाला सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ‘खारफुटी’ आधी की ‘खेकडा’, असं विचारलं की थांबतात. बाराखडीचा क्रम शोधण्यासाठी वापरायचा असतो हे नव्याने कळतं. ‘क्ष’ तर मोठ्यांनाही चकवतो: काही कोशांत तो ‘क’च्या पोटात येतो, काहींत अगदी शेवटी. शिवाय मुलांसाठीच्या पुष्कळ मराठी माहितीपुस्तकांना शब्दसूची नसतेच. अशा पुस्तकाची सूची आम्ही मुलांकडूनच करून घेतो. कुठला शब्द घ्यायचा, कुठला सोडायचा, यावर जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. ही सूची छापून आम्ही पुस्तकाच्या मागे चिकटवतो.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत आहे. एक मूल पान उलटतं आणि पाच जण वाकून बघतात, त्यात हातांना सवय लागत नाही. प्राणी, समुद्रकिनारा, शरीर, अवकाश, किल्ले, रेल्वे, हवामान अशा दहा विषयांवरच्या प्रत्येकी सहा सारख्या प्रती दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायच्या आहेत. एका विषयाच्या सहा प्रतींना साधारण दीड हजार रुपये लागतील. एखाद्या मंडळाने, सोसायटीने किंवा चाळीने मिळून एक विषय उचलला तर फार बरं होईल. एकट्याने एक प्रत दिली तरी ती तितकीच कामाची आहे.

वापरलेली पुस्तकंही चालतील. कुमार विश्वकोशाचे भाग, नकाशासंग्रह, सचित्र कोश जरूर द्या. नकाशासंग्रह जुना आहे म्हणून संकोच करू नका. 2014 च्या आधीच्या नकाशात तेलंगण दिसत नाही. 2006 च्या आधीच्या पुस्तकात ग्रह नऊ असतात. मुलं चक्रावतात, हे पुस्तक छापलं कधी असं विचारतात, आणि आवृत्तीचं वर्ष असलेलं पान पहिल्यांदाच नीट वाचतात. गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच आणि पानं सुटलेली पुस्तकं मात्र आणू नका. ती ठेवायला जागा नाही आणि परत करताना आम्हालाच वाईट वाटतं.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. महिन्यातला एक शनिवार, दुपारचे दोन तास देऊ शकणारे कुणीही या. निवृत्त शिक्षक हवेतच, पण नकाशे वाचणारे अभियंते, कोश हाताळणारे ग्रंथपाल, डीएडची मुलं-मुली आणि घरच्या मुलांना रोज वाचून दाखवणाऱ्या आज्याही हव्यात. पहिल्या दिवशी तासाला फक्त बसून बघा. काय आणि कसं करायचं ते आम्ही सांगू.

देणगी रोख, धनादेशाने किंवा यूपीआयने देता येईल. क्यूआर कोड वाचनालयातल्या टेबलावर लावलेला आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि आलेल्या पुस्तकांची यादी विषयवार फलकावर लागेल. सोमवार सोडून रोज संध्याकाळी 5 ते 8 या वेळात बालविभागात या. पुस्तकं जड असतील तर निरोप द्या, आमचे कार्यकर्ते परळ, लालबाग, शिवडी, भोईवाडा भागात घरी येऊन घेऊन जातील.

आपले,
कार्यकारी मंडळ व बालविभाग समिती