डोंबिवलीला नाही कळव

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

तुझा निरोप मिळाला. डोंबिवलीचं स्थळ, वय ३९, स्वतःचा वन बीएचके, "मुलीसकट चालेल." मुलीसकट! जसं काही मी फ्रिज आणि चिऊ माझा स्टॅबिलायझर. आधी खूप हसले, मग अर्धा तास डोकं सणकलं. फोन केला असता तर भांडले असते, म्हणून लिहायला बसले.

तुला वाटतं मी एकटी पडले. अगं, एकटं पडायला वेळ तर हवा! पाच वीसला उठते, नळ सहाला जातो. दोन डबे, दोन वेण्या, सात दहाला तिची शाळेची गाडी. शाळा सुटली की ती परस्पर पाळणाघरात. घर कोपरीत घेतलं तेही याच हिशेबाने. कामाला जायच्या माझ्या ऐरोलीच्या गाड्या ठाण्याला पूर्वेकडच्या फलाटांवरून सुटतात, त्यामुळे माझी चालतानाची पाच-सहा मिनिटं वाचतात. ठाण्यानंतर पूर्वी थेट ऐरोली होतं, जानेवारी २०२४ मध्ये मधे दिघा गाव स्टेशन आलं. तिथल्या लोकांची सोय झाली, चांगलंच आहे, पण माझी दोन मिनिटं गेलीच ना! पाळणाघर सातला बंद होतं. उशीर झाला तर काकू काही बोलत नाहीत, चिऊला चपला घालून दारात उभी करतात. त्यापेक्षा चार शब्द सुनावले तर बरं.

कोर्टाचं तू विचारलंस. परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज होता, त्यामुळे तमाशा झाला नाही. पहिला अर्ज आणि दुसरी तारीख यांच्यात कायदा सहा महिने ठेवतो. वकीलबाई म्हणाल्या, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ही मुदत माफ करून मागता येते, तुम्ही दीड वर्ष वेगळेच राहताय. मी म्हटलं, राहू दे. विचार बदलेल म्हणून नव्हे गं, मला तेवढ्यात पाळणाघर शोधायचं होतं.

कागदांची कटकट मात्र संपत नाही. पासपोर्टला २०१६ च्या डिसेंबरपासून आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं. शाळेच्या सहलीच्या कागदावर अजून "वडिलांची सही" आहे. तिथे मी माझी सही ठोकते. बाई कागद बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग कागद ठेवून घेतात.

त्याची आठवण येते का? माणसाची नाही येत. "मी बघतो" या दोन शब्दांची येते. परवा रात्री चिऊला १०२ ताप, औषधाची बाटली रिकामी. तिला झोपलेली खांद्यावर टाकली, चादर गुंडाळली आणि उतरले खाली. दुकानदाराने सुटे पैसे मागितले तेव्हा रडू आलं, तापाचं नाही. अर्थात खरं सांगायचं तर तो ते दोन शब्द तेव्हाही क्वचितच म्हणायचा.

आता शनिवारचं सांगते. एकाआड एक शनिवारी अकराला तलावपाळीवर मी चिऊला त्याच्या हाती देते, सहाला परत घेते. मधले सात तास माझे. पहिल्या शनिवारी तिथल्याच कट्ट्यावर बोटी बघत बसून राहिले, कुठे जायचं तेच सुचेना. दुसऱ्या वेळी माळा साफ केला. तिसऱ्या वेळी घरी आले, पंखा पाचवर केला आणि उघड्या फरशीवर झोपले. साडेचारला दचकून उठले, चिऊ कुठाय? दोन सेकंद. मग आठवलं, आणि सुमे, इतकं हलकं वाटलं की माझीच मला लाज वाटली. चहा केला, एकच कप, आणि गरम असताना संपवला. हे सात तास मी डोंबिवलीच्या माणसाला देऊ?

काल ती परतली ती डोक्यावर घट्ट सागरवेण्या घालून. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी घातलेल्या. (माजी सासूबाई म्हणायला जीभ वळत नाही.) शेवटच्या वर्षात त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण वेण्या अशा, की रात्रभर लोळूनही एक बट सुटली नाही. चिऊ हात लावू देईना. आज न्हायला घालायचं म्हणून सोडायला घेतल्या. आधी एक सोडली, अगदी सावकाश, कुठली बट कुठून उचललीय ते बघत. माझा हात मधेच चुकतो, तो कुठे ते आज कळलं. त्या खालून केस घेतात, मी वरून घेत होते.

संध्याकाळी केस वाळल्यावर मी घालून बघितल्या. उजवी जमली, डावी ढिली. चिऊने आरशात मान वळवून दोन्हीकडून बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

डोंबिवलीला नाही कळव, जरा बऱ्या शब्दांत. आणि पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मोकळी असशील तर ये, अकरा ते सहा मी रिकामी आहे. येताना आईच्या हातचं मेतकूट आण.

तुझीच,
नंदू