ब्रुज ते घेंट, जवसाच्या वाटेने

ल्यूव्हन, ११ फेब्रुवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जूनमध्ये इकडे बेल्जियमला येतोयस आणि काकूंनाही घेऊन येतोयस, हे वाचून रात्री झोपच लागली नाही. उठून नकाशा काढला आणि दोन वाजेपर्यंत रस्ते बघत बसलो.

तू विचारलंस, ब्रुज ते घेंट जेमतेम पन्नास किलोमीटर, ट्रेनने अर्ध्या तासाचं अंतर, मग गाडी कशाला? हायवेने जायचं असेल तर खरंच नको. पण मला तुला ही दोन शहरं दाखवायची आहेत त्याहून जास्त त्यांच्या मधलं दाखवायचं आहे. ही शहरं पाण्यावर आणि कापडावर मोठी झाली. ते पाणी वाटेत भेटतं. कापडाचं म्हणशील तर इंग्लंडची लोकर हा मोठा धंदा, पण त्याच्याबरोबर लिननही. लिनन म्हणजे आपल्या जवसाचाच धागा. काकू ज्याची चटणी करतात, तेच जवस.

म्हणून बेत असा. विमानतळावरून मी तुम्हाला थेट ब्रुजला नेतो. गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि दोन दिवस तिला हात लावायचा नाही. गावात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे काकूंना सॅंडल नको, चांगले मऊ बूट घ्यायला सांग. बेलफोर्टच्या मनोऱ्याला ३६६ पायऱ्या आहेत. तू चढ, मी काकूंबरोबर खाली थांबतो. त्यांना मी बेगाइनहोफमध्ये नेईन. १२४५ साली सुरू झालेली ही बायकांची वसाहत. लग्न नाही, जोगिणीची आजन्म व्रतंही नाहीत, स्वतः कष्ट करून एकमेकींच्या सोबतीने राहायचं. पांढरी घरं, मध्ये उंच झाडं आणि इतकी शांतता, की बोलणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. काकांच्या मागे काकूंनी ज्या हिमतीने घर चालवलं ते मी जवळून पाहिलंय. त्यांनी तिथल्या एखाद्या बाकावर बराच वेळ बसावं, असं मला फार वाटतं.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायची. आधी उलट्या दिशेला, दामे नावाच्या गावी. सातेक किलोमीटर, कालव्याच्या काठाकाठाने. हा कालवा नेपोलियनच्या हुकमावरून खणला. दोन्ही काठांना पॉप्लरची झाडं आहेत, उंच आणि वाऱ्याने सगळी एकाच बाजूला झुकलेली. मी पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा वारा अजिबात नव्हता, पाणी आरशासारखं, आणि तरी झाडं वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसत होती. गाडी बाजूला घेऊन किती वेळ बघत राहिलो. तुझी स्केचबुक पुढच्या सीटवरच ठेव.

दामे आज चिमुकलं आहे, पण एकेकाळी ब्रुजचं बंदर होतं. समुद्राचा एक फाटा इथपर्यंत यायचा, मोठ्या जहाजांतला माल इथे उतरायचा. पुढे तो फाटा गाळाने भरत गेला आणि ब्रुजचा व्यापार ओसरला. आज आपण ज्या जुन्या ब्रुजचं कौतुक करतो, ते बरंचसं या गाळामुळे टिकलं. पैसा गेला, म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. दामेच्या नगरभवनासमोर याकोब फान मार्लांटचा पुतळा आहे. तेराव्या शतकातला कवी. विद्वानांच्या लॅटिनमधलं ज्ञान त्याने लोकांच्या भाषेत, डचमध्ये आणलं. त्याच शतकात आपल्याकडे ज्ञानोबा मराठीतून बोलत होते. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार. त्या पुतळ्यापाशी उभा राहिलो की मला दरवेळी भरून येतं.

दामेहून परत फिरून ब्रुजला वळसा घालायचा आणि आल्टरमार्गे डाइन्झ गाठायचं. हा पट्टा साधा आहे. गायी, मका, विटांची घरं. हायवेबाहेर वेगमर्यादा सत्तरची, तेव्हा घाई करताच येत नाही. नकाशा तू धरायचास आणि उजवीकडच्या गल्लीवर नजर ठेवायचीस. इथे खूण नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो. नवा असताना एकदा मी थांबलो नाही आणि एका बाईंनी करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्यांचा पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

डाइन्झला लेये नदी भेटते आणि इथून पुढे घाई करायचीच नाही. या नदीला सोनेरी नदी म्हणत. जवसाच्या काड्यांचे भारे लाकडी खोक्यांत भरून नदीत बुडवून ठेवायचे, कुजून धागा सुटेपर्यंत. याचा मोठा पसारा वरच्या अंगाला, कोर्ट्राइककडे. पैसा सोन्यासारखा आला, पण पाणी सडलं, वास मैल मैल जायचा, मासे मरायचे. शेवटी नदीत भारे बुडवायला बंदीच आली. आज पाणी शांत आणि गवताळ आहे, दर वळणावर गुरं उभी. डाइन्झच्या संग्रहालयात एमील क्लाउसचं बीट काढणाऱ्या माणसांचं प्रचंड चित्र आहे, १८९० सालचं. तो याच नदीकाठी, आस्टेनेला राहायचा आणि उन्हाचा चित्रकार म्हणून ओळखला जातो. पण या चित्रात थंडी आहे, वाकलेल्या पाठी आहेत. तू शाळेत मुलांना प्रकाश शिकवतोस, तेव्हा हे चित्र चुकवायचं नाही.

तिथून ओइदोंकचा किल्ला बाहेरून बघायचा, मग ड्यूर्ले आणि लातेम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांनी या खेड्यांत घरं केली. दुपारचं जेवण तिथे, नदीकाठी. बटाट्याचे तळलेले काप सगळीकडे मिळतात, पण ते पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. काकूंसाठी विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, ते माझ्यावर सोड. घेंटमध्ये ही अडचण नाही. तिथे २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून पाळतात. आपण गुरुवारीच पोचू असं बघतो. काकूंचा उपवासाचा वार असेल तर मात्र आत्ताच कळव.

आणि जूनचा हट्ट का, तर जवस तेव्हा फुलतं. फुलं निळी, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. वाटेत शेत दिसलं की थांबायचं, ठरलं.

हे सगळं मी घेंटच्या आधी का दाखवतोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल. होस्टेलच्या खोलीत कपाटाच्या दारावर तू कॅलेंडरचं एक पान चिकटवलं होतंस. हिरवं कुरण, मध्ये वेदीवर उभं कोकरू, त्याच्या छातीतून पेल्यात पडणारी रक्ताची धार. चार वर्षं मी ते बघत झोपलो. ते चित्र घेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये आहे. हुबर्ट आणि यान फान आइक या भावांचं काम, १४३२ साली पुरं झालेलं. ओकच्या फळ्यांवर रंगवलंय, तैलरंगात. तेल कशाचं, तर जवसाचं! पातळ थरावर पातळ थर, म्हणून आतून उजेड आल्यासारखं दिसतं. पुढे यान ब्रुजला राहिला आणि तिथेच १४४१ साली वारला. म्हणजे आपण त्याची वाट उलटी चालणार.

पण सुहास, एक गोष्ट तुला आधीच सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या कॅलेंडरवरचं कोकरू फान आइकचं नव्हतं. सोळाव्या शतकात कुणीतरी त्याच्या तोंडावर नवं तोंड रंगवलं होतं. तो थर अलीकडेच काढला. आता खालचं मूळ कोकरू दिसतं. डोळे माणसासारखे समोर रोखलेले, ओठ घट्ट मिटलेले. ते आपल्याकडे सरळ बघतं. मी समोर उभा होतो तेव्हा तू शेजारी असायला हवा होतास, एवढंच मनात आलं. खालच्या फळ्यांपैकी डावीकडची एक १९३४ साली चोरीला गेली आणि आजतागायत सापडलेली नाही, तिच्या जागी नक्कल आहे. कुठली ते मी सांगणार नाही. तुझी नजर ओळखते का बघू.

घेंटच्या गावठाणात गाडी घालायची नाही. कॅमेरे आहेत आणि मला एकदा दंडाची नोटीस घरपोच आली आहे. गाडी बाहेर लावून ट्रामने आत जाऊ.

कोकरू बघायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, म्हणून रविवारपर्यंत नक्की तारखा कळव. जूनचा दुसरा आठवडा मला सोयीचा, तिसराही चालेल. काकूंच्या गुडघ्यांना एका दिवसात किती चालणं झेपतं, तेही त्यांना विचारून खरं खरं लिही. आणि त्यांना म्हणावं, विनूने जवसाची चटणी मागितली आहे, लसूण जास्त घातलेली. लेयेच्या काठी डबा उघडू.

तुझा,
विनू