अण्णांच्या गाडीविषयी दिनूस पत्र

चिपळूण
दि. ११ डिसेंबर

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

अण्णांची गाडी पुन्हा चावी फिरवताच सुरू होऊ लागली आहे, आणि ती इतके दिवस का होत नव्हती हे मला नेमके सापडले आहे. फोनवर ही बातमी दोन वाक्यांत संपली असती. पण त्यामागचे कारण मनापासून ऐकून घेईल असे इथे कोणी नाही, आणि त्यातूनच जो पुढचा प्रश्न उभा राहिला आहे त्यावर तुझ्याशी बोलल्याशिवाय मला हात घालायचा नाही. आईचे गुडघे तसेच आहेत, माझा रक्तदाब गोळीवर ठीक आहे, बाकी सर्व कुशल.

पावसाळ्यापासून गाडीच्या तक्रारी वाढत गेल्या होत्या. सकाळी एखादे वेळी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, नीट फिरे. पण बाजारात जाऊन परत निघताना, इंजिन गरम असताना, चावी फिरवली की नुसता टक् असा आवाज येई आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत. गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवली, सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश बदलले. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुझा तो जुना उपाय, सेल्फच्या अंगावर पान्याने हलकी थाप मारायची, तोही एकदोनदा चालला. (आई अजून सांगते की दिनू गाडीला मारून सुरू करतो आणि ती त्याचे ऐकते.) ब्रश अडकले असतील तर त्या थापेने सुटतात हे मला मान्य आहे, पण ब्रश नवे असताना थाप लागू पडावी, हे मला खटकले.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडत होत्या, आणि त्यांचा सेल्फशी संबंध असेल असे कोणालाच वाटले नाही. रात्री हेडलाइट लावले की तापमानाचा काटा लगेच वर सरके आणि बंद केले की खाली येई. इंजिन काही दिव्यांमुळे तापत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरचे पेडल जड होत चालले होते. केबल बदलली, तरी नवी केबलही काही आठवड्यांत तशीच अडखळू लागली. जुनी केबल मी टाकून दिली नव्हती. ती चिरून पाहिली, तेव्हा आतले नायलॉनचे अस्तर वितळून तारेला चिकटलेले दिसले. इंजिनाच्या उष्णतेने ते वितळले असते तर पंपाच्या बाजूला जास्त वितळले असते. इथे ते सगळ्या लांबीवर सारखेच वितळले होते. तारेतून वीज वाहिल्याशिवाय असे होत नाही. इथे तुझे नाव माझ्या तोंडून बाहेर पडले.

म्हणून मल्टिमीटर घेतला. गॅरेजमधल्या वायरमनने सगळी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाकडे प्रवाह परत नेणाऱ्या जोडण्या, मीटरच्या बीपवर तपासली होती आणि प्रत्येक ठिकाणी बीप वाजला होता. पण त्या बीपसाठी मीटर एखादा मिलिॲम्पिअर प्रवाह सोडतो, आणि वीस-तीस ओहम रोध असला तरी बरेच मीटर वाजतात. सेल्फ मात्र दोनशे ॲम्पिअर मागतो, आणि तिथे ओहमचा शंभरावा भागसुद्धा दोन व्होल्ट गिळतो. त्यामुळे जुन्या गाडीत वायर बंद अवस्थेत तपासून काहीच कळत नाही. तिच्यातून प्रवाह धावत असताना तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजला, तरच ती खरे बोलते. शेजारच्या मुलाला चावी फिरवायला बसवले, डिझेल पंपाच्या कटऑफची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन पेट न घेता नुसते फिरेल, आणि मोजायला सुरुवात केली. विश्रांतीत बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.८, म्हणजे बॅटरी निर्दोष. बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.३ व्होल्टची घट, चालण्यासारखी. बॅटरीच्या उणे टोकापासून बॉडीपर्यंत ०.१. आणि उणे टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत २.४! सेल्फच्या वाट्याला जेमतेम आठ व्होल्ट येत होते, आणि बिचाऱ्याला आपण थापा मारत होतो.

पुढचे तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलेच असते. त्याच्यावरच्या सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, सुरू होताना इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग आणि तापमानाचा सेन्सर या सगळ्यांच्या प्रवाहाचा बॉडीकडचा रस्ता म्हणजे गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी तांब्याची ती एकच विणलेली पट्टी. ती वरून शाबूत दिसत होती. बोल्ट सोडवून लग, म्हणजे पट्टीच्या टोकाची धातूची कडी, हातात घेतला, तेव्हा आतल्या तारांची हिरवी भुकटी खाली सांडली. तो रस्ता अरुंद झाल्यावर सेल्फचा काही प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता, म्हणून तिचे अस्तर वितळत होते. हेडलाइट लावले की अल्टरनेटरवर भार येई, तो प्रवाहही याच पट्टीतून अल्टरनेटरकडे परत फिरे, आणि ब्लॉकची पातळी बॉडीपेक्षा अर्ध्या व्होल्टने खाली जाई. सेन्सर ब्लॉकवर असल्यामुळे काट्याला तेच जास्त तापमान वाटे. त्याच अर्ध्या व्होल्टमुळे अल्टरनेटर स्वतःपाशी १४.२ देत असूनही बॅटरीला १३.६-१३.७ एवढेच मिळे, म्हणून ती नेहमी अर्धपोटी राही आणि म्हणूनच ती खराब ठरवून बदलली गेली. चार तक्रारी आणि एकच पट्टी! पट्टी काढून ३५ चौरस मिलिमीटरची केबल लावली, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले. आता घट ०.१ आहे, काटा जागचा हलत नाही, आणि सेल्फचा आवाज अण्णांच्या वेळी होता तसा आहे. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला, तो घरात कोणाला कसा सांगावा हे कळेना.

परंतु पत्राचे खरे कारण याच्या पुढे आहे. केबल लावल्यानंतर निर्धास्त मनाने कराडला निघालो आणि पोफळीच्या वर, कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर इंजिन एकाएकी बंद पडले. आचके नाहीत, धूर नाही. दिवा मालवावा तसे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; आपल्या गाडीसारख्या साध्या पंपाच्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसते, बॅटरी काढून घेतली तरी ते चालत राहते, मात्र पंपावरच्या कटऑफ सॉलेनॉइडला, म्हणजे डिझेलची वाट उघडी ठेवणाऱ्या विजेच्या झडपेला, बारा व्होल्ट मिळत राहिले पाहिजेत. त्यामुळे असे अचानक बंद पडले की पहिला संशय त्याच्यावर. चावी फिरवल्यावर त्याचा टिक् आवाज येत नव्हता. डिकीत वायरचा तुकडा होता. बॅटरीच्या अधिक टोकापासून थेट सॉलेनॉइडला जोडला, आवाज आला, इंजिन सुरू झाले, आणि मी तसाच घरी परतलो. अशा वेळी चावी काढून इंजिन बंद होत नाही, वायरच उपटावी लागते.

घरी येऊन ती वायर मागे शोधत गेलो. डॅशबोर्डच्या खाली, गालिच्याखालून जाणाऱ्या जोडाजवळच्या कपलरमध्ये पिन हिरवी पडली होती. वायर कापली तर तांबे काळे. आणखी वीतभर कापली तरी काळेच. वरचे प्लॅस्टिक मात्र नव्यासारखे. हे २२ जुलै २०२१च्या पुराचे पाणी आहे, दिनू. वाशिष्ठीचे पाणी तेव्हा गाडीच्या सीटपर्यंत चढले होते. गाळ आपण धुतला, गालिचे वाळवले, फ्यूज बॉक्स उघडून स्वच्छ केला. पण केशाकर्षणाने वायरच्या आत, तारातारांमधून वर चढलेले पाणी कोण पुसणार? ते इतकी वर्षे आतल्या आत तांबे खात राहिले.

तेव्हा तू म्हणाला होतास की अख्खे वायरिंग बदल, आणि आपण दोघे फोनवर तावातावाने भांडलो होतो. त्या भांडणाचा निकाल आजही लागत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. अर्थिंगची पट्टी हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या बांधलेल्या जुडग्याचा, भाग नाही; सगळे वायरिंग नवे केले असते तरी ती तशीच राहिली असती, आणि नव्या वायरिंगवर दोष गेला असता. सॉलेनॉइडची वायर मात्र तुझ्या बाजूने साक्ष देते. आता मला चिंता आहे ती उरलेल्या वायरींची. आज एक सापडली. ब्रेक लाइटची, वायपरची, हीटर प्लगच्या रिलेची यांतली कोणती उद्या घाटात जाणार हे बाहेरून पाहून कळत नाही.

धाकटा सरळ म्हणतो की गाडी मोडीत काढ. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत मार्चमध्ये संपते, पर्यावरण कर भरायचा आहे, आणि फिटनेसच्या वेळी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळे चालू दिसले पाहिजेत. त्याचा हिशेब व्यवहारी आहे. पण इंजिनात काही दोष नाही, चॅसिसला गंज नाही, आणि ज्या गाडीतून अण्णांना शेवटचे डेरवणच्या इस्पितळात नेले, ती वीतभर काळ्या तांब्यासाठी भंगारात घालायला माझे मन तयार नाही. तुझी नोएडातली गाडी दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांवरील दहा वर्षांच्या नियमामुळे विकावी लागली, तेव्हा तू किती दिवस नीट बोलत नव्हतास ते मी पाहिले आहे.

तयार हार्नेस आता मिळत नाही. इथला वायरमन हाताने बनवून द्यायला तयार आहे, पण तो सगळीकडे एकाच लाल रंगाची आणि एकाच जाडीची वायर ओढतो. त्याला माझा सक्त विरोध आहे. हीटर प्लगच्या वाटेला चारही प्लग मिळून पन्नास ॲम्पिअर जातात आणि डॅशबोर्डच्या दिव्याला अर्धासुद्धा नाही. दोघांना एकच वायर कशी चालेल? आणि पुढे कधी दोष शोधायचा झाला, तर पंचवीस लाल वायरींत शोधणाऱ्याने काय करावे? माझा विचार असा आहे की पाण्यात बुडालेला भाग, म्हणजे जमिनीलगतचा आणि फ्यूज बॉक्सपासून बॉनेटखालचा, मूळ रंगांत आणि मूळ जाडीत मी स्वतः बदलावा, जोड दाबून आणि वर उष्णतेने आवळणारी नळी घालून करावेत, आणि डॅशबोर्डच्या आतल्या, पाणी न लागलेल्या भागाला हात लावू नये. तुझे मत वेगळे असेल तर आत्ताच भांड. वायरी कापल्यावर भांडून उपयोग नाही.

मनीषाची दहावी जवळ आली, तिला आशीर्वाद. वहिनींची बदली रद्द झाली हे वाचून सर्वांना बरे वाटले. तुझ्या ॲसिडिटीचे औषध वेळेवर घेत जा.

आता काम. कराडच्या वसतिगृहापासून तुझ्याकडे असलेल्या त्या निळ्या फाइलमध्ये या गाडीचा वायरिंग डायग्राम आहे. अण्णांनी गाडी घेतल्यावर तूच त्याची झेरॉक्स मागून नेली होतीस. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठव, रंगांचे संक्षेप लिहिलेले शेवटचे पान विसरू नकोस. जानेवारीत लग्नाला येशील तेव्हा कराडहून एक दिवस इकडे उतर आणि वायर न तोडता प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर सामानात घाल, म्हणजे हीटर प्लगचा प्रवाह एकेक करून मोजता येईल. फोटो मात्र तोपर्यंत थांबवू नकोस. रविवारी पुण्याला जाणारा भाचा वायर आणणार आहे, आणि त्याला वायरींचे रंग आणि प्रत्येकी किती मीटर हे शनिवारपर्यंत लिहून द्यायचे आहे.

तुझा,
सुधीर